जुना ट्रक कॅम्पर घेताय? आधी वजनाचं गणित करा

अमेरिकेत पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवायचं छोटं घर मिळतं, त्याला ट्रक कॅम्पर म्हणतात. ट्रेलर मागून ओढला जातो, पण कॅम्परचा सगळा भार ट्रकच्या पाठीवर असतो. जुना कॅम्पर स्वस्तात मिळाला की आधी रंगरंगोटी सुचते. खरं काम दोनच गोष्टींचं आहे: मुरलेलं पाणी आणि वजन.

पाणी कुठे मुरलंय?

बऱ्याच जुन्या कॅम्परचा सांगाडा लाकडी असतो, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. कोपऱ्याच्या पट्ट्या, छताचे झरोके, खिडक्या आणि बाहेरचे दिवे इथून पाणी शिरतं. केबिनवर येणारा झोपायचा भाग आतून अंगठ्याने दाबून बघा. भुसभुशीत लागला तर लाकूड कुजलंय. पत्रा उघडा, सगळं वाळू द्या, कुजलेलं लाकूड बदला आणि पट्ट्यांखाली नवीन ब्यूटाइल टेप लावा. वरून सिलिकॉन फासू नका. पुढच्या वेळी त्यावर दुसरं काही नीट चिकटत नाही. गॅसच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे.

वजन किती झेपेल?

ट्रकच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते त्यावर लिहिलेलं असतं. समजा ते ३,००० पौंड (सुमारे १,३६० किलो) आहे आणि कॅम्परचं रिकामं वजन २,१०० पौंड लिहिलंय. वाटतं, भरपूर जागा आहे! आता बेरीज करा:

- ३० गॅलन पाणी: २५०
- दोन माणसं: ३४०
- दोन भरलेले गॅस सिलिंडर: ७५
- बॅटरी: ६०
- भांडी, कपडे, किराणा: ३००

एकूण ३,१२५ पौंड. म्हणजे १२५ पौंड जास्त! शिवाय कॅम्परवरचा आकडा तो नवा असतानाचा. नंतर बसवलेला एसी किंवा भिजलेलं लाकूड त्यात धरलेलं नसतं.

भार कुठे पडतोय?

कॅम्परच्या वजनाचा मध्यबिंदू मागच्या ॲक्सलच्या पुढे यायला हवा. मागे गेला तर ट्रकचं तोंड उचललं जातं, पुढच्या चाकांची पकड कमी होते आणि स्टिअरिंग हलकं पडतं. कॅम्परवरची मध्यबिंदूची खूण पुसली गेली असेल तर सोपा उपाय आहे. ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर दोन्ही ॲक्सलचं वजन वेगवेगळं करा, एकदा कॅम्परशिवाय आणि एकदा कॅम्पर चढवून. पुढच्या ॲक्सलचं वजन वाढलं तर ठीक. कमी झालं तर मध्यबिंदू मागे आहे. हा कॅम्पर या ट्रकवर नको.

निघण्यापूर्वी

- हौद्यात रबरी मॅट टाका, कॅम्पर सरकत नाही.
- चारही कोपरे साखळी आणि टर्नबकलने घट्ट बांधा. आधार शक्यतो ट्रकच्या चासीला द्या, हौद्याच्या पत्र्याला नको.
- टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. टायरची भारक्षमताही तपासा.
- थोडं अंतर गेल्यावर थांबून साखळ्या पुन्हा बघा.

रंग नंतरही देता येईल. आधी काट्यावर जा आणि पावती हातात आल्यावरच सहलीचा बेत ठरवा.