अंगणातली हिरवळ आणि घरातले मांजर

फैजपूर म्हटले की केळीच्या बागा डोळ्यांसमोर येतात. पण शेत नसलेल्या घरांतही ओटा, गच्ची, जिन्याची कड असते आणि तिथे चार कुंड्या मांडायची हौस असते. सध्या या कुंड्यांत दोन पाहुणे हमखास दिसतात. एक जेड आणि दुसरी डे-लिली. दोन्ही परदेशी आहेत. आपल्या उन्हात ती टिकतात, पण त्यांच्याविषयी थोडी माहिती घरात असायला हवी.

जेड नेमके कोणते?

रोपवाटिकेत ‘जेड’ म्हणून दोन वेगळी झाडे मिळतात. खरे जेड म्हणजे क्रासुला ओवाटा. त्याची पाने मोठी, जाड आणि चकचकीत असतात. दुसरे पोर्चुलाकारिया आफ्रा. त्याची पाने लहान व गोलसर आणि फांद्या तांबूस असतात. दोन्ही मूळची दक्षिण आफ्रिकेतली. तिथे दुसऱ्या झाडाचा पाला हत्ती आवडीने खातात.

ही झाडे पानांत पाणी साठवतात. खरे जेड दिवसा पानांची छिद्रे मिटून घेते आणि रात्री उघडते, त्यामुळे उन्हात पाणी कमी उडते. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा हा गुण कामी येतो. तरीही खऱ्या जेडची पाने दुपारच्या उन्हात भाजतात. एप्रिल-मेमध्ये कुंडी सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी ठेवावी.

जेड मरते ते बहुधा जास्त पाण्याने. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. म्हणून मातीत निम्मी जाड वाळू आणि विटांचा चुरा मिसळावा. बोट खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. पावसाळ्यात कुंडी पागोळीखाली ठेवू नये. फांदी लावायची असेल तर तोडल्यावर तीन-चार दिवस सावलीत सुकू द्यावी. जखम भरली की मग लावावी.

काही दुकानदार जेड ‘पैशाचे झाड’ म्हणून विकतात. घराच्या शोभेसाठी ते जरूर घ्यावे. पण रिझ्क देणारा अल्लाह आहे, शकुन-अपशकुनावर श्रद्धा ठेवायला आपल्या दीनमध्ये जागा नाही.

एका दिवसाचे फूल

डे-लिलीचे प्रत्येक फूल एकच दिवस टिकते. मात्र एका दांड्यावर अनेक कळ्या असतात, त्यामुळे बहर बरेच दिवस चालतो. हिची पाने गवतासारखी लांब असून थेट जमिनीतून निघतात. पावसाळ्यात फुलणारी आपली बारीक पानांची रेन लिली वेगळी, तिच्या एका दांड्यावर एकच फूल येते.

डे-लिलीला रोज निदान पाच-सहा तास ऊन हवे. खोड मातीत इंचभरापेक्षा खोल पुरू नये. तीन-चार वर्षांनी झुडूप दाटले की पावसाळ्यानंतर ते उपटून वेगळे करावे, पाने निम्मी कापावीत आणि शेजारणींनाही द्यावीत. खताला आपल्याकडे तोटा नाही. केळीच्या खांबाचे तुकडे कुजवून केलेल्या खतात पालाश भरपूर असते.

ज्या घरी मांजर आहे

आपल्या कितीतरी घरांत मांजर असते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते नापाक नसल्याचे सांगितले आहे. मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाल्याची हदीसही सर्वांना ठाऊक आहे. म्हणून हे लक्षात घ्या: डे-लिली मांजरासाठी जीवघेणी आहे. पान, फूल, अंगाला लागून चाटला गेलेला पराग, फुलदाणीतले पाणी, यांपैकी काहीही पोटात गेले तर मूत्रपिंडे निकामी होतात. आधी उलट्या होतात, मग मांजर खाणे सोडते आणि सुस्त पडते. दोन-तीन दिवसांत सारे संपू शकते. लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. फुलवाल्याकडच्या मोठ्या लिलीही तितक्याच घातक आहेत.

खरे जेड खाल्ल्यानेही मांजराला उलट्या होतात. लहान पानांचे जेड मात्र निर्धोक आहे. घरात मांजर असेल तर ते निवडावे आणि डे-लिलीऐवजी मोगरा किंवा गुलाब लावावा. मांजर गच्चीवर सहज चढते, त्यामुळे कुंडी उंचावर ठेवून भागत नाही. शेजारच्या मांजराचाही विचार करावा.

वजूचे पाणी

उन्हाळ्यात कुंड्यांसाठी पाणी कुठून आणायचे? वजूचे पाणी टबात धरावे. त्यात साबण नसतो, झाडांना ते चालते. प्रेषित (स.) एक मुद, म्हणजे सुमारे पाऊण लिटर पाण्यात वजू करीत. आपण नळ सोडून किती सांडतो, ते टब भरला की दिसते. नळ बारीक ठेवावा आणि जमेल ते झाडांना द्यावे.

डिसेंबर 1936 मध्ये याच फैजपुरात खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन झाले. चित्रकार नंदलाल बोस यांनी त्याची सजावट बांबूसारख्या इथे मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून केली होती. फुटकी कौले, जुने डबे, केळीचे खत आणि वजूचे पाणी एवढ्यावर आपलीही बाग उभी राहते. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे माणसाने, पक्ष्याने वा जनावराने खाल्ले तर तो लावणाऱ्याचा सदका ठरतो, असे हदीसमध्ये आहे. तेव्हा चार शोभेच्या कुंड्यांजवळ एक कढीपत्ता किंवा लिंबूही लावा आणि चिमण्यांसाठी पाण्याचे एक भांडे ठेवा.