एक सूर्या, किती तहानलेले?

पावसाळ्यात कधी जव्हारकडे गेला असाल, तर पाण्याचा तुटवडा हा शब्दच खोटा वाटावा असे दृश्य तुम्ही पाहिले असेल. कड्यांवरून धबधबे कोसळत असतात, भातखाचरे तुडुंब भरलेली असतात आणि साध्या ओहोळालाही नदीचा रुबाब आलेला असतो. त्याच जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळा लागला की टँकरच्या वाटेवर हंडे-कळशांची रांग लागते. पालघर जिल्ह्याच्या पाणीप्रश्नाचे मर्म या दोन चित्रांत आहे. पाऊस हात आखडता घेत नाही. तो अडवण्यात आणि अडवलेले पाणी वाटण्यात आपण कमी पडतो.

मी पालघरचा रहिवासी. आमच्याकडे कुणाच्याही घरी पाण्याचा विषय निघाला की तो फिरून फिरून सूर्या नदीवर येतो. सूर्या ही वैतरणेची उपनदी. तिच्यावरचे धामणीचे धरण आणि खालचा कवडासचा उन्नेयी बंधारा हा सारा खटाटोप मुळात शेतीसाठी झाला. डहाणू, पालघर आणि विक्रमगड तालुक्यांतली सुमारे १४,७०० हेक्टर जमीन भिजवायची, आदिवासी शेतकऱ्याला पावसाळी भातानंतर दुसरे पीक घेता यावे, हा हेतू. त्यासाठी आदिवासी कुटुंबांनी आपली गावे आणि जमिनी सोडल्या.

पण नदी एक आणि मागणारे अनेक, अशी गत झाली. १९६९ साली तारापूरला देशातली पहिली अणुवीज तयार होऊ लागली. पुढे बोईसरला लागून औद्योगिक वसाहत उभी राहिली. रंग, रसायने, औषधे, कापड, पोलाद असे कारखाने आले आणि त्यांच्या मागोमाग माणसे आली. कारखान्यांची तहानही सूर्येनेच भागवायची, पालघर व २६ गावांच्या नळयोजनेची भिस्तही सूर्येवरच. त्यातच मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची सूर्या प्रादेशिक योजना आली. दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाण्याची ही योजना. त्यातले १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला, अशी वाटणी ठरली. वसई-विरारकरांच्या नळाला २०२३ मध्ये हे पाणी पोहोचू लागले.

हे आकडे ऐकून गरगरायला होते, म्हणून जरा घरगुती हिशेब मांडून पाहू. धामणी धरणाची साठवण सुमारे २७६ दशलक्ष घनमीटर. पावसाळ्याचे चार महिने नदी वाहतीच असते, तेव्हा साठ्याला फारसा हात लागत नाही. पण ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत रोज ४०३ दशलक्ष लिटर उचलले, तर सुमारे ९८ दशलक्ष घनमीटर पाणी लागते. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त साठा केवळ दोन शहरांसाठी! उरलेल्यात शेती, कारखाने, गावांच्या नळयोजना आणि उन्हाने उडून जाणारी वाफ. हिवाळी-उन्हाळी पिकाला कालव्याचे पाणी मिळेल की नाही, या धास्तीने शेतकरी आणि आदिवासी संघटना या योजनेविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, त्यात नवल ते काय?

म्हणून शहरवाल्यांना शत्रू ठरवायचे का? नालासोपाऱ्यात वर्षानुवर्षे टँकरचे पाणी विकत घेऊन संसार रेटणारी गृहिणी आपलीच आहे. तिची तहान खरी आहे. पण धरणाच्या कुशीतल्या पाड्यावरची बाई डोक्यावर हंडा घेऊन चालते, तेव्हा ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण तिच्यासाठीच जन्माला आली असावी असे वाटते. मापातही फरक आहे. जलजीवन मिशनने खेड्यात माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. शहरासाठीचा प्रचलित निकष १३५ लिटरचा. बोईसर अनेक वर्षे ग्रामपंचायतीच्या कारभारातच वाढले. इमारती शहराच्या, गर्दी शहराची आणि पाण्याचे माप मात्र खेड्याचे!

आणि खरी गर्दी तर पुढेच आहे. २०१३ मध्ये उपनगरी गाडी डहाणूपर्यंत आली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला, सिडकोने जिल्हा मुख्यालय बांधले आणि त्याभोवती नवे शहर आखले. बोईसरजवळ बुलेट ट्रेनचे स्थानक व्हायचे आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराचा पायाभरणी समारंभ झाला. या प्रत्येक प्रकल्पाच्या नकाशात रस्ते आहेत, रूळ आहेत. पण सर्वांची मिळून तहान किती आणि ती कोणत्या नदीने भागवायची, याचा एकत्रित ताळेबंद सामान्य माणसासमोर कुणी मांडला आहे का?

विक्रमगड तालुक्यातल्या देहरजी धरणातून रोज २५५ दशलक्ष लिटर पाणी मिळवण्याची योजना आहे. परंतु त्यातही वसई-विरारचा वाटा आहेच. मुंबईची नजर गारगाई आणि पिंजाळवर आहे. वैतरणेचे पाणी तर मुंबई कितीतरी पिढ्या पीत आली. उद्या या खोऱ्यातली प्रत्येक नदी कुणाच्या ना कुणाच्या नावावर चढलेली असेल. आडातच नसेल, तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून नियोजन योजनावार नको, खोरेवार हवे, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते. धरणालगतच्या पाड्यांचे आणि गावांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढावे. मग सिंचनाचा हक्क कागदावर आणि कालव्यात पक्का करावा. उरलेले किती, हे पाहून शहरे आणि कारखाने वाढवावेत. आज नेमके उलटे होते.

दुसरे म्हणजे वापरलेले पाणी. शेजारच्या सुरतेने २०१४ पासून शहराचे सांडपाणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना दिले. तारापूरच्या रासायनिक सांडपाण्यावर तसे करणे अवघड. त्या पाण्याने नवापूरच्या किनाऱ्याला आणि मच्छीमारांना काय भोगायला लावले, हे सारे जाणतात. पण वसई-विरार, पालघर, बोईसरच्या घराघरांतले सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना देता आले, तर तेवढी सूर्या वाचेल.

तिसरे, जुन्याची निगा. जानेवारी २०२२ मध्ये केळव्याजवळच्या झांजरोळी धरणाला गळती लागली आणि त्यावर विसंबलेल्या गावांच्या तोंडचे पाणी पळाले. नव्या धरणाच्या कोनशिलेला पाहुणे मिळतात, जुन्या धरणाच्या डागडुजीला कुणी मिळत नाही. वसईकडची बावखले, केळवे-माहीमच्या पानवाड्यांतल्या विहिरी यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाणी जिरवले आणि पुरवले. किनाऱ्यालगत गोड्या पाण्याचा उपसा अति झाला की खारे पाणी आत सरकते. विहीर एकदा मचूळ झाली की वाडी संपते.

मग आपण काय करायचे? ग्रामसभेत, नगर परिषदेत नव्या इमारतीची परवानगी निघाली की एकच प्रश्न विचारायचा: पाणी कुठून आणणार? ‘सूर्येतून’ असे उत्तर आले, तर पुढचा प्रश्न विचारायचा: कुणाच्या वाट्याचे?