उंच छताखालचा दिवा

पनवेलजवळील कोन परिसरातील गोदामांची छते पुष्कळदा तीस फुटांहून उंच असतात. दिवा विझला की एखाद्या हमालाला फोर्कलिफ्टच्या पॅलेटवर उभे करून वर चढवण्याचा मोह होतो. ही काटकसर नव्हे. पॅलेट मालासाठी असते, तिला कठडा नसतो. वस्तुतः खर्च दिव्याचा नसून चढण्याचा आहे. म्हणून जुनी झालेली सबंध ओळ एकाच खेपेस बदलणे हिशेबाला धरून ठरते. त्यासाठी सिझर लिफ्ट भाड्याने घ्यावी, काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडे सोपवावे. मुख्य स्विच बंद करून कुलूप लावावे; किल्ली वर चढणाऱ्याच्याच खिशात राहावी. नवे गोदाम बांधणाऱ्यांनी दिवे रॅकवर न बसवता मधल्या वाटेवर बसवावेत, म्हणजे लिफ्ट थेट खाली उभी राहते.