समर्थ स्त्री, मराठी कथात्म साहित्यातील

कथा, कादंबरी, नाटक व चित्रपट ह्यांतील जी स्त्रीव्यक्तिरेखा स्वतः निर्णय घेते, तो अमलात आणते आणि त्याची किंमत मोजते, तिला समर्थ स्त्री म्हणता येईल. शौर्य, विद्वत्ता किंवा त्याग हे गुण असणे एवढ्याने ही संज्ञा लागू पडत नाही. कारण हे सर्व गुण असूनही दुसऱ्याच्या इच्छेने चालणाऱ्या नायिका साहित्यात विपुल आहेत. वास्तवात नाकारलेली सत्ता कल्पनेत भोगणे ह्याला सत्तास्वप्न म्हणता येईल. समर्थ स्त्रीचे चित्रण व स्त्रीचे सत्तास्वप्न ह्या दोन गोष्टी परस्परांशी निगडित असल्या, तरी एकच नव्हेत. सत्तास्वप्नात अडथळे सहज दूर होतात; वास्तववादी चित्रणात ते तसेच राहतात व नायिका त्यांच्याशी झुंजते.

मराठी परंपरेतील ह्या कल्पनेचे जुने रूप म्हणजे स्त्रीराज्य. जैमिनीच्या अश्वमेधकथेतील प्रमिला अर्जुनाचा यज्ञीय अश्व अडविते. परंतु अखेरीस ती त्याच्याशी विवाहबद्ध होते. नाथपंथीय कथांत स्त्रीराज्यात गुंतलेल्या मच्छिंद्रनाथांना गोरखनाथ सोडवून आणतात. दोन्ही कथांत स्त्रियांचे राज्य सामर्थ्यवान आहे, पण त्याकडे पाहणारी दृष्टी पुरुषाची आहे : ते एक संकट असून त्यातून सुटणे किंवा ते जिंकणे हा कथेचा शेवट होय. कृ. प्र. खाडिलकर ह्यांनी बायकांचे बंड (१९०७) ह्या नाटकासाठी प्रमिलेचीच कथा निवडली. त्या काळी स्त्रीशिक्षणाचा वाद चालू असल्याने ह्या पौराणिक विषयाला समकालीन अर्थ प्राप्त झाला होता.

कथा-नाटकांत स्त्री कशी रंगविली जाते, हा प्रश्न मराठीत प्रथम जोरकसपणे मांडण्याचे श्रेय बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांच्याकडे जाते. स्त्रीपुरुषतुलना (१८८२) ह्या निबंधात त्यांनी समाजातील दुटप्पी नीतीबरोबरच तत्कालीन वाङ्‌मयातील स्त्रीचित्रणाचीही झडती घेतली. ह्याच सुमारास सामाजिक कादंबरीतील नायिका मुख्यतः करुणेचा विषय होती. बाबा पदमनजी ह्यांची यमुनापर्यटन (१८५७) आणि ह. ना. आपटे ह्यांची पण लक्षात कोण घेतो ! ह्या कादंबऱ्यांनी विधवांचे दुःख प्रभावीपणे मांडले. आपट्यांच्या यमूला स्वतःची कहाणी सांगण्याचा अधिकारही मिळाला. मात्र परिस्थिती बदलण्याचे बळ तिला मिळाले नाही.

ते बळ कल्पनेत देण्याचा प्रयत्न काशीबाई कानिटकर ह्यांनी पालखीचा गोंडा (१९२८) ह्या कादंबरीत केला. राज्यकारभार स्त्रियांच्या हाती आलेल्या संस्थानाचे त्यात आदर्श चित्र आहे. स्त्रीराज्याचीच जुनी कल्पना येथे आहे. परंतु आता ती स्त्रीच्या दृष्टीने पाहिलेली असून राज्य जिंकण्यापेक्षा ते नीट चालविणे ह्याला महत्त्व आले आहे. बंगालच्या रोकेया सखावत हुसेन ह्यांची सुलतानाज ड्रीम (१९०५) ही इंग्रजी कथा ह्याच प्रकारातील होय. अशा स्वप्नरंजनास पलायन म्हणून बाजूला सारणे योग्य नव्हे. ज्या काळात स्त्रीला कारभाराचा अनुभव मिळण्याची सोयच नव्हती, त्या काळात तो कसा असेल हे लिहून पाहणे हा विचाराचाच एक मार्ग होता.

चित्रपटाने ह्या स्वप्नाला दृश्य रूप दिले. ‘प्रभात’च्या मायामच्छिंद्र (१९३२) मध्ये दुर्गा खोटे स्त्रीराज्याची राणी झाल्या, तर अमरज्योती (१९३६) ह्या हिंदी चित्रपटात त्यांनी अन्यायाविरुद्ध उठलेली समुद्रावरील बंडखोर सौदामिनी साकारली. मुंबईत निर्माण झालेल्या हंटरवाली (१९३५) मधील नादिया घोडेस्वारी व मारामारी करी. ह्याउलट कुंकू (१९३७) मधील नीरेजवळ शस्त्र नाही. वृद्धाशी फसवून लावलेला विवाह मनाने मान्य न करणे एवढेच तिचे सामर्थ्य. तिची सुटका मात्र पतीच्या आत्महत्येनंतर होते, ही ह्या चित्रपटाची मर्यादा म्हणावी लागेल.

विभावरी शिरूरकर (मालतीबाई बेडेकर) ह्यांच्या कळ्यांचे निःश्वास (१९३३) ह्या कथासंग्रहाने शिक्षित, मिळवत्या कुमारिकांच्या कोंडमाऱ्याला वाचा फोडली व मोठी खळबळ उडविली. वाशीमला जन्मलेल्या गीता साने ह्यांच्या निखळलेली हिरकणी (१९३६) इ. कादंबऱ्यांतील नायिका विवाहसंस्थेलाच प्रश्न विचारतात. स्वातंत्र्योत्तर काळात कमल देसाई ह्यांच्या काळा सूर्य व हॅट घालणारी बाई (१९७५) ह्या दीर्घकथांनी वास्तव आणि कल्पित ह्यांतील सीमारेषा पुसली. गौरी देशपांडे ह्यांच्या नायिका स्वतंत्र आहेत. परंतु ते स्वातंत्र्य उच्चशिक्षित वर्गापुरते असल्याचा आक्षेप त्यांच्यावर घेतला जातो.

हा आक्षेप महत्त्वाचा आहे. ‘चूल आणि मूल’ ह्यांतून बाहेर पडणे हा मध्यमवर्गीय नायिकेचा पराक्रम ठरतो. पण कष्टकरी स्त्री घराबाहेर होतीच. अण्णाभाऊ साठे ह्यांच्या वैजयंता ह्या कादंबरीतील तमासगीर स्त्रीला किंवा ऊर्मिला पवार ह्यांच्या ‘कवच’ ह्या कथेतील आंबे विकणाऱ्या आईला बाहेरच्या जगात मान राखून जगावयाचे असते. बाजारातील अश्लील थट्टेला तोंड देण्यासाठी लागणारी भाषा हेच त्या आईचे कवच होय. जात, वर्ग व लिंगभाव ह्यांचा एकत्र विचार केल्याखेरीज सामर्थ्याची व्याख्या अपुरी राहते, हे दलित साहित्याने दाखवून दिले.

प्रत्यक्ष सत्तेचे चित्रण त्यानंतर आले. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतींत स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या. कविता महाजन ह्यांची ब्र (२००५) ही कादंबरी अशा आदिवासी स्त्री-सरपंचांच्या अनुभवांवर आधारलेली आहे. येथे स्त्री खुर्चीवर बसली आहे. पण शिक्का, कागदपत्रे व पैसा बहुधा इतरांच्या हाती असतात. स्त्रीराज्याच्या कथेत राणीची आज्ञा हीच सत्ता होती. ह्या कादंबरीत आज्ञा पाळली जावी म्हणून सरपंच स्त्रीला तोंडातून ‘ब्र’ काढण्यापासून प्रारंभ करावा लागतो.