हिस्टोनच्या शेपटीवरची खूण

माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर साधारण २ मीटर भरतो. तो हिस्टोन या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. ही रिळे म्हणजे निव्वळ बांधाबांध, असे बराच काळ मानले गेले. १९६४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत व्हिन्सेंट ऑलफ्रे यांनी वेगळे सुचवले: हिस्टोनला अ‍ॅसिटिल गट चिकटला की जनुकाचे वाचन, म्हणजे त्यावरून आरएनए बनणे, वाढत असावे. डीएनएवर ऋण भार, हिस्टोनच्या शेपटीतल्या लायसिनवर धन. अ‍ॅसिटिल गट हा धन भार पुसतो, पकड सैलावते.

पण खूण आधी की वाचन आधी? मला खरा प्रश्न हाच वाटतो. पावसात छत्र्या उघडतात; छत्र्यांमुळे पाऊस पडत नाही.

उत्तराची वाट टेट्राहायमेना या गोड्या पाण्यातल्या एकपेशीय जिवाने दाखवली. त्याला दोन केंद्रके. मोठ्यात जनुके वाचली जातात, लहान एरवी गप्प. आणि अ‍ॅसिटिलच्या खुणा मोठ्यातच. १९९६ मध्ये डेव्हिड अ‍ॅलिस यांच्या गटाने खूण चिकटवणारे एन्झाइम ओळखले, तर ते यीस्टमधल्या जीसीएन-५ चे भावंड निघाले. जीसीएन-५ जनुके चालू करायला मदत करते हे आधीच ठाऊक होते. कसे, ते कळत नव्हते. त्याच वर्षी स्टुअर्ट श्रायबर यांच्या गटाला खूण पुसणारे एन्झाइम सापडले. तेही यीस्टमधल्या अशाच एका जनुक-नियंत्रकाचे, आरपीडी-३ चे, नातलग.

मिथिल गटाचे गणित इतके सरळ नाही. तो भार पुसत नाही, आणि कोणत्या लायसिनवर बसला यावर जनुक चालू की बंद, हे ठरते.