पावण्यातला दक्षिणेकडचा पाहुणा

नवी मुंबईत पावण्याच्या एमआयडीसीत रस्त्याचं काम निघालं की कडेला खडीचा ढीग पडतो. त्यातला एक काळा तुकडा उचलून बघा. अंगावर बारीक छिद्रं असतील, काहींत पांढरे स्फटिक. तापलेल्या लाव्ह्यातून वर येऊ पाहणारे वायूचे बुडबुडे दगड थिजताना जागीच अडकले, त्यांची ही छिद्रं. वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं.

हा आकडा असा डोक्यात शिरत नाही. एक वर्ष म्हणजे एक सेकंद धरू. मग १६७४ चा शिवराज्याभिषेक होऊन सहा मिनिटंही झालेली नाहीत. ज्ञानेश्वरीला बारा मिनिटं झाली. आणि हा दगड? दोन वर्षं आणि महिनाभर! त्यातही बहुतेक सगळा लाव्हा साधारण दहा लाख वर्षांत ओतला गेला, म्हणजे या घड्याळात साडेअकरा दिवसांत.

किती ओतला? झिजून, वाहून जाऊन आज उरलाय तोच सुमारे ५ लाख घन किलोमीटर भरतो. अख्ख्या महाराष्ट्रावर सारखा पसरला, तर थर होईल सुमारे १,६०० मीटरचा. कळसूबाईचं शिखर जेमतेम वर डोकावेल.

मला मात्र सगळ्यात थक्क करतं ते या दगडाचं गाव. लाव्हा वाहत होता तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. तिच्याखाली जो तप्त झरा होता, तो आज रियुनियन बेटाखाली धगधगतोय असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. ते बेट २१ अंश दक्षिणेला, तर पावणे गाव १९ अंश उत्तरेला. मधलं अंतर, नुसतं दक्षिणोत्तर, साडेचार हजार किलोमीटरच्या आसपास. ६.६ कोटींनी भागलं तर वर्षाला सरासरी पावणेसात सेंटिमीटर. वाटेत सेशेल्स आपल्यापासून तुटलं, ते आता सव्वातीन हजार किलोमीटरवर आहे. पनवेलजवळ हेच थर समुद्राकडे कललेले दिसतात. पश्चिम किनारा तुटताना पडलेला तो बाक आहे, असं मानतात.

सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला धडकला, हिमालय उभा राहू लागला आणि वेग मंदावला. तरी प्रवास थांबलेला नाही. एका आषाढीपासून पुढच्या आषाढीपर्यंत पारसिकचा डोंगर, ठाण्याची खाडी आणि तो खडीचा ढीग, सगळं मिळून सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येला सरकलेलं असेल.