नेरळचे मुके इंजिन

पुण्याहून मुंबईस जाणाऱ्या गाड्या कर्जतनंतर नेरळ बहुधा न थांबताच मागे टाकतात. तेथे माथेरानच्या छोट्या गाडीचे जुने वाफेचे इंजिन रंगरंगोटी करून मांडलेले आहे. त्याच्याशेजारी छायाचित्र काढून घ्यावे, यापलीकडे शोभेच्या वस्तूकडून अपेक्षा तरी काय करावयाची?

वस्तुतः हे यंत्र एका अवघड प्रश्नाचे उत्तर आहे. आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून १९०७ मध्ये हा मार्ग खुला झाला, तेव्हा दोन फुटी रुळांवरून वीसास एक असा चढ आणि विलक्षण तीव्र वळणे पार करावयाची होती. जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीने पुढचा व मागचा आस भरीव दांड्याभोवती पोकळ नळीसारखा बसविला. चाकांना जोरही मिळे आणि ती वळणाबरोबर वळतही. हे सारे आत दडलेले! तंत्रनिकेतनाचा विद्यार्थी तेथे गेला, तर त्यास बाहेरचा रंगच तेवढा दिसावयाचा.

अशा चार इंजिनांपैकी एक तर इंग्लंडला गेले. नियमित वाहतुकीतून वाफ १९८० च्या दशकात हद्दपार झाली. घाटात वाफेचा दाब कसा राखावा, हे हातांनी जाणणारे चालक आणि फायरमन आता वार्धक्यात आहेत. रंगाच्या पुढील हातापूर्वी त्यांचे अनुभव टिपून घेतले जावेत आणि इंजिनाशेजारी त्या आसाचा एक छेदनकाशा लागावा.